लाल दोऱ्याची तार

"पक्कड खाली ठेव आदी," आई म्हणाल्या. "तार कापूची नसता. मोडूची असता."

मी पक्कड खाली ठेवली. ठेवताना तोंड वाकडं केलं असणार, कारण लगेच पुढचं आलं, "तोंडाचो काय आकार केलंस तो? बांगड्याक दाखवलंस तर बांगडो गरी सोडून पळात."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. शेवंती त्यांचं नाव. माझ्या लग्नाला तेव्हा दहा महिने झाले होते. नवरात्र उलटून गेलं होतं, दुपारचे तीन वाजले होते, आणि आम्ही दोघी पडवीत समोरासमोर पाय पसरून बसलो होतो. मध्ये सूप. सुपात गऱ्या म्हणजे गळ, दोर नि तार जोडायच्या पितळेच्या बारक्या फिरक्या, पोलादी तारेचं वेटोळं, दोऱ्याची दोन रिळं, एक लाल नि एक निळं, आणि माझ्या रुखवतातली बिनरंगाची नेलपॉलिशची बाटली. ती बाटली लग्नानंतर आठ दिवसांत आईंनी मागून घेतली होती. "नखांक लावून काय करतलंस? तारेक लावया, टिकात तरी."

मी कुडाळची. बाबा एसटीत कंडक्टर. मासा कापलेला तेवढा मला ठाऊक होता. रुपेशशी लग्न करून या समुद्रकाठच्या घरात आले, तेव्हा आमच्याकडचे म्हणाले होते, जमेल का गो तुला? ते मी मनात धरून ठेवलं होतं.

आमची होडी लहान. तात्या, म्हणजे सासरे, आणि रुपेश असे दोघंच जायचे. नवरात्रानंतर सुरमई किनाऱ्याजवळ येते. ती धरायची तर होडी हळूहळू चालवत ठेवायची आणि मागे दोन दोर सोडायचे, एक जवळचा, एक लांबचा. टोकाला गरी, गरीवर तारली मासळी शिवलेली. होडी चालते तशी मेलेली तारली जिवंत असल्यासारखी पोहते, आणि सुरमई झडप घालते. पण सुरमईचे दात म्हणजे करवत. आमच्याकडे ज्याला तंगूस म्हणतात, तो नायलॉनचा दोर ती सुतासारखा तोडते. म्हणून दोर आणि गरी यांच्यामध्ये हातभर पोलादी तार बांधतात. मासा ओढणारा होडीत असतो, पण मासा खरा धरून ठेवते ती या तारेची गाठ. तात्यांच्या होडीतली ती गाठ बत्तीस वर्षं आईंच्या हातची होती.

"परत बग," आई म्हणाल्या. "गरीच्या भोकातसून तार घातलंस. आता दोन्ही बाजू एकामेकीक पीळ घालूचे. दोन्ही. एक सरळ रवली आनी दुसरी तिच्याभोवती गुंडाळत गेली, तर ता नुसता बगूक बरा. ओढ इली काय सुळकन सरकता."

"म्हणजे संसारासारखंच की."

"संसाराचा माका सांगू नको. तुजो सासरो बत्तीस वर्सां सरळच रवलो हा. मीच फिरतंय भोवती. सरकलंय काय अजून?"

आतून तात्यांच्या खोकण्याचा आवाज आला. ऐकत होते ते. आई हसल्या आणि पिळाचं उरलेलं टोक अंगठ्याने मागे-पुढे, मागे-पुढे वाकवलं. टुक्. टोक मोडून पडलं. माझं बोट धरून त्यांनी त्या जागेवरून फिरवलं. काहीच लागलं नाही, मणी घासून गुळगुळीत करावा तसं.

"कापलेला टोक बोटात शिरता," त्या म्हणाल्या. "पाण्यात हात मऊ होतत होडीतल्या बापयांचे. आपण हय सावलीत बसतो, तेंका थय लागता."

पिळावर मग दोरा गुंडाळायचा आणि वरून नेलपॉलिशचा हात. दोऱ्याचा रंग ज्याचा त्याचा ठरलेला. वाडीतल्या होड्या एकमेकींना तारा देतात-घेतात, त्यामुळे कुठली तार कुणाच्या हातची ते दोऱ्यावरून कळावं लागतं. आईंचा लाल. मला निळा मिळाला होता. माझ्या निळ्या तारा तात्या जवळच्या दोराला लावायचे, जिथे बांगडे नि लहानसहान मासळी लागते. लांबच्या दोराला फक्त लाल. आणि हंगामातली पहिली सुरमई घरात आली की तिचं डोकं तार बांधणारणीच्या पानात पडायचं. घरातला कर्ता पुरुष असो, पाहुणा असो, डोकं तिचंच. आमच्या वाडीत ही रीत अजून आहे.

मला त्या डोक्याची खाण्यासाठी हाव नव्हती. पण ते माझ्या पानात पडावं असं मला फार वाटत होतं.

आईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मे महिन्यात काढला होता. डावा पिकायचा होता. दोरा ओवताना त्या हात लांब धरायच्या. तात्या येता-जाता विचारायचे, "डोळे चालतत मा?"

"बोटां चालतत. डोळे कित्याक व्हये?"

"नाय, आपला इचारलंय. लांबच्या दोराचा काम हा."

"मगे लांबचो दोर तुमी बांधा. मी होडीत जातंय."

असं त्यांचं चालायचं. मला वाटायचं, ही थट्टा आहे. थट्टाच होती, पण तात्यांच्या मनात शंकेचं बी पडलेलं होतं, हे मला दिसायला हवं होतं.

त्या दिवशी लांबच्या दोरासाठी सहा तारा करायच्या होत्या. आईंच्या पाच झाल्या. तेवढ्यात मागच्या दाराशी कुत्रं आलं, सुकत घातलेल्या बांगड्यांवर. आई "मेल्या, मेल्या" करत काठी घेऊन धावल्या आणि मग कुंपणापाशीच शेजारच्या बायजाकाकूंशी बोलत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पडवीपर्यंत येत होता. बायजाकाकूंशी बोलणं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

सुपात सहाव्या तारेचा तुकडा तसाच पडला होता. शेजारी लाल रीळ.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण इतकी वर्षं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तो तुकडा उचलला. गरी ओवली. पीळ घालायला लागले, पण दोन्ही तारा एकमेकींत घालायच्या तर बोटं दुखतात, आणि माझं लक्ष सगळं मागच्या दाराकडे. म्हणून एक सरळ धरली आणि दुसरी तिच्याभोवती गुंडाळत गेले. वेढे इतके छान बसले, एकाला एक चिकटून, की मी खूश झाले. टोक मोडायला वेळ लागतो. मी पक्कड घेतली आणि कापलं. दुसऱ्या बाजूला फिरकी, तिथेही तसंच. मग लाल दोरा गुंडाळला, नेलपॉलिश लावली, फुंकर मारली आणि आईंच्या पाच तारांच्या मधोमध माझी सहावी ठेवून दिली.

मनात सगळं रचून झालं होतं. उद्या लांबच्या दोराला सुरमई येईल. तात्या म्हणतील, शेवंतीची तार. आणि मग मी हसत हसत सांगणार, ती माझी होती! लाल दोऱ्यातली असली तरी माझी! सगळे हसतील. आई पाठीत धपाटा घालतील. डोकं माझ्या पानात.

आई परत आल्या. सूप पाहिलं. "सवी तार झाली?"

"झाली की. तुम्हीच केलीत मघाशी."

"केलंय काय?" मग स्वतःशीच हसल्या. "इसारलंय. म्हातारी झालंय गो बाय."

तेव्हासुद्धा मी हसले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही दोघी किनाऱ्यावर होतो. होड्या येत होत्या. आमच्या आधी जनूची होडी लागली. जनू तात्यांच्या हाताखाली शिकलेला, पण जिभेला हाड नाही. उतरायच्या आधीच तो ओरडला, "गो शेवंतीवयनी! तुमच्याकडे आज सुरमय इली होती! नुसती भेटून गेली! च्याय घेवक थांबूक नाय!"

त्याच्या होडीतला सदू आणि आणखी एक जण हसले. आईंनी पदर कमरेला खोचला. "तुज्याकडे ती भेटूकव येणा नाय मा, जनू?" असं म्हणाल्या खऱ्या, पण नजर आमच्या होडीवर होती.

होडी वाळूला लागली. रुपेश इंजिन वर उचलत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. तात्या उतरले. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, टॉवेलवर लाल डाग. डाव्या हातात एक तार होती. ती त्यांनी आईंच्या तोंडासमोर धरली.

"बग. बगूक येता काय तरी?"

गरी नव्हती. गरीच्या बाजूची तार उलगडून सरळ झाली होती, टोकाला फक्त थोडी वळवळ राहिली होती, डुकराच्या शेपटीसारखी. दुसऱ्या बाजूला फिरकी होती आणि तिच्याखाली लाल दोरा. ताणाने सरकलेला, पण लालच.

"पावण तास," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "पावण तास ओडलंय तिका. हात फाटलो. होडीच्या काठाक हाडलंय. तिचो डोळो बगलंय मी, इतक्यार. जनू बगता हा, सदू बगता हा. रुपेश आकडी घेवन वाकलो आनी ही तार सुळकन सरकली. तुटली नाय. सरकली! बत्तीस वर्सांत तुजी तार कदी सरकली?"

आईंनी तार हातात घेतली. डोळ्यांजवळ नाही नेली. अंगठा फिरवत गेल्या, उलगडलेल्या टोकापासून खाली, तारेवरून, लाल दोऱ्यापर्यंत. दोऱ्यापाशी अंगठा थांबला. त्यांनी हात झटकला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब आला होता.

"काय झाला?" रुपेशने विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या. अंगठा तोंडात घातला. "तार ती. टोचली."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. जिभेवर शब्द होते. फक्त तीनच शब्द लागत होते, ती माझी तार. मी तोंड उघडलंही.

"तुजे डोळे गेले," तात्या म्हणाले. "माका म्हायत होता. बोलूक नाय, माजीच चूक. आता तू बांधू नको."

"तात्या, एक तार सुटली म्हणान काय..." रुपेश म्हणाला.

"एक तार म्हंजे काय रे? मासो एकाच तारेक लागता." मग ते माझ्याकडे वळले. फाटक्या हाताचा, उन्हाने रापलेला माणूस, पण माझ्याशी बोलताना त्यांचा सूर नेहमी खाली यायचा. "बाय, उद्यापासना तू बांध. लांबच्या दोराक पण. तुजी निळी तार बग, अजून एकव सरकूक नाय."

माझं तोंड उघडं होतं. ते मी मिटलं.

आई काहीतरी चोख बोलतील, तात्यांना गप्प करतील, असं मला वाटलं. त्या गप्प करू शकल्या असत्या. सगळ्या वाडीला माहीत होतं त्यांच्या तोंडाचं. जनूसुद्धा हसायचा थांबून वाट पाहत होता. आईंनी अंगठा तोंडातून काढला, तार हातात गुंडाळली, कनवटीला लावली.

"बरां," त्या म्हणाल्या.

एवढंच.

संध्याकाळी मी तात्यांच्या हाताला हळद लावली. आतून आई आल्या आणि सूप माझ्यासमोर ठेवलं. तार, गऱ्या, फिरक्या, दोरे. लाल रीळ त्यांनी काढून घेतलं होतं.

"पीळ घालताना घाय करू नको," त्या म्हणाल्या. "बाकी तुका येता."

"आई," मी म्हटलं. "आई, मला तुम्हाला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहत राहिल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग त्याच म्हणाल्या, "चुलीर भात हा. करपात."

आणि मी उठले. भात बघायला गेले. तो भात करपत वगैरे काही नव्हता, आत्ता कुठे उकळी आली होती. मी त्याच्यासमोर बसून राहिले, नको तेवढं ढवळत. उद्या सांगू, असं म्हटलं. तात्यांचा हात बरा होऊ दे, असं म्हटलं.

आठ दिवसांनी सुरमई आली. लांबच्या दोराला, निळ्या तारेला. मी त्या आठ दिवसांत बोटांची सालं जाईपर्यंत पीळ घातले होते, दोन्ही तारा एकमेकींत, टोकं मोडून. ती चांगली अडीच हात लांब होती. तात्या किनाऱ्यावरूनच ओरडत आले, जनूला ऐकू जाईल असं, "सुनेची तार! माज्या सुनेची!"

आईंनी कापली. आईंनीच कढी केली, तिरफळ घालून. पानं वाढली. डोकं आख्खं, नीट, कल्ले काढून, त्यांनी पळीने उचललं आणि माझ्या पानात ठेवलं. स्वतःला शेपटीकडचा तुकडा घेतला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"खा," त्या म्हणाल्या. "बांधणारणीचा ता."

"आपण दोघी..." मी म्हटलं.

"तसा नसता. एकीचाच."

तात्या खुशीत होते. "डोळो पण खा हां! डोळो सोडू नको! डोळ्यांका बरो तो!" आणि मग आईंकडे पाहून, जराशी कीव आल्यासारखं, "हिणा तो दरवर्सा सोडल्यान, खाल्लेलो आसतो तर बरा झाला आसता."

रुपेश हसला. आईसुद्धा हसल्या. मी गालाचं मांस काढलं आणि तोंडात घातलं. ते लोण्यासारखं असतं, सगळे सांगतात. मला त्याची चव आठवत नाही. मी चावत होते आणि समोर आईंचा हात भात कालवत होता. अंगठ्यावर टोचल्याची काळी खूण होती, अजून न गेलेली. मी गिळलं. आणखी एक घास काढला. सगळे बघत होते, म्हणून मी डोळाही खाल्ला.

मग उठून मागच्या दारी पळाले आणि सगळं ओकले.

माझी पाठ कुणीतरी धरली. आईच. एका हाताने पाठ, एका हाताने कपाळ. मी रडायला लागले. आता सांगते, आता नक्की सांगते, असं म्हणत होते मनात, आणि उलटी थांबत नव्हती. त्यांनी तोंडावर पाणी मारलं. हळूच विचारलं, "किती दिवस झाले गो तुका?"

मला आधी कळलंच नाही. मग मी बोटांवर मोजलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

आईंनी मला कुशीत घेतलं. आतून तात्या विचारत होते, काय झाला, काय झाला. "काय होवक नाय!" आई ओरडल्या. इतका आनंदी आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. "आजो झालास तू, मेल्या!"

त्यानंतर कसं सांगायचं? घरात मला उठू देत नव्हते, बसू देत नव्हते. जूनमध्ये दुर्वा झाली. मग तिचं दूध, तिचं रडणं, तिचे दात. दिवस असे गेले की माझ्या लाजेला बसायलासुद्धा जागा नव्हती. अधूनमधून ती यायची. दुपारी तीन वाजता मी सूप घेऊन पडवीत बसायची, आणि आई समोर. हात मांडीवर. गप्पा चालू असायच्या, वाडीतल्या सगळ्यांच्या कुलंगड्या निघायच्या, पण त्यांचा अंगठा तर्जनीवरून फिरत असायचा, फिरत असायचा. हातात काही नसताना पीळ घालणं चालू.

डावा डोळासुद्धा पुढच्या वर्षी करून आणला. त्यांना तांदळातला खडा दिसतो, कुंपणापलीकडच्या बायजाकाकूंची नवी चोळी दिसते. पण वाडीत एकदा पसरलेलं ते पसरलंच. देवळाच्या पायरीवर कुणी ना कुणी त्यांचा हात धरायचं. "सांभाळून गो, पायरी हा." आई हात धरू द्यायच्या. तात्या चारचौघांत म्हणायचे, "डोळे गेले बिचारीचे, नायतर काय तार बांधी!" आपल्या परीने ते त्यांचं कौतुकच करत होते. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तात्या गेले. झोपेतच गेले. तोपर्यंत त्यांची तीच समजूत होती.

तात्यांच्या बाराव्याला मी आईंपाशी बसले होते. पुन्हा एकदा शब्द जिभेवर आले. आणि मग वाटलं, आता कुणाला सांगायचं? ज्याला सांगून उपयोग होता, तो माणूस गेला. असं वाटून मला बरं वाटलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या बरं वाटण्याची आहे.

आता गेल्या आठवड्यातलं. रविवारी दुपारी मी भात लावला होता. आई नि दुर्वा पडवीत. दुर्वा आता पाच वर्षांची आहे, पहिलीच्या उंबरठ्यावर, आणि सुपातलं सगळं तिला हवं असतं. मी ओट्यापाशी कांदा कापत होते. दार उघडं होतं, त्या दोघी पाठमोऱ्या दिसत होत्या.

"पक्कड खाली ठेव आदी," आई म्हणाल्या.

"कित्याक?"

"तार कापूची नसता. मोडूची असता. हाड हय." मला वाटलं त्या फक्त सांगतील. पण त्यांनी तार हातात घेतली. सहा वर्षांनी. अंगठ्याने मागे-पुढे, मागे-पुढे. टुक्. "लाव बोट. टोचता?"

"नाय!"

"आता ह्या बग. पक्कडीन कापल्यार कसा होता ता." बारीक कट्‌ आवाज आला. "लाव. हळू!"

"आई गं! टोचला!"

"मगे? माकाव टोचलेला एकदा. रगात इला."

"तू कापलंस?"

"मी कदी कापूक नाय. आयुष्यात नाय."

माझी सुरी थांबली.

"मगे कोणी?" दुर्वा म्हणाली.

आईंनी मान वळवली नाही. तारेचा तो तुकडा बोटांत फिरवत म्हणाल्या, "होता एक चेडू, पोरगीच गो. तेवा न्हान होता."

"माज्याएवडा?"

"तुज्यापेक्षा थोडा मोटा. पण न्हानच."

"मगे शिकला काय ता?"

"शिकला. बरा बांधता आता. माज्यापेक्षा बरा."

म्हणजे त्यांना कळलं होतं, किनाऱ्यावर, अंगठ्याला रक्त आलं तेव्हाच. जनूसमोर, तात्यांसमोर, "बरां" म्हणायच्या आधी. पानात डोकं वाढलं तेव्हा. मागच्या दारी माझं कपाळ धरलं तेव्हा. सहा वर्षं, पायरीपायरीवर लोकांना हात धरू देताना.

दुर्वाने कापलेलं टोक पुन्हा निरखलं. शाळेत तिला नवीनच शिकवलंय ते तिला आठवलं असावं. "आनी तेणा सॉरी म्हटल्यान?"

आई हसल्या. हळू, स्वतःशी. तार सुपात ठेवली.

"म्हणतला," त्या म्हणाल्या. "दरवेळी तेचो भात आसता चुलीर."

कुकरची शिट्टी व्हायची होती. मी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. मग जाऊन कपाटातल्या वरच्या खणातून, दुर्वाच्या झबल्यांखाली ठेवलेलं रीळ काढलं. त्या हंगामानंतर पुढच्याच वर्षी मी ते बाजारातून आणलं होतं, लाल, आणि द्यायचं राहून गेलं होतं.

पडवीत गेले. दुर्वाला जरा सरकवलं आणि आईंच्या समोर, पाय पसरून, बसले.

"आई," मी म्हटलं, "ती तार माझी होती."